मिशन शाळा आणि श्रद्धेचे स्वातंत्र्य
अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे 1831 मध्ये केंद्र उघडले आणि पुढे जिल्ह्यातील खेड्यांतही शाळा सुरू केल्या. गावची शाळा महार-मांगांच्या मुलांना दाराबाहेर ठेवत असताना मिशनची शाळा त्यांना आत घेत होती. तेथे अक्षरओळखीबरोबर बायबलही शिकवले जाई. शिक्षक अनेकदा प्रचारकही असे. त्यातूनच प्रश्न उभा राहिला: धर्मप्रसाराच्या हेतूने दिलेले ज्ञान निरपेक्ष सेवा ठरते का?

मिशनऱ्यांच्या दृष्टीने सेवा आणि सुवार्ता वेगळ्या नव्हत्या. टीकाकारांच्या मते गरजूची संमती पूर्ण स्वतंत्र नसते. हा आक्षेप गंभीर आहे. पण ज्ञान देणाऱ्याच्या हेतूत अडकून राहत नाही. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरमधील मिशनरी सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून त्यांना प्रेरणा मिळाली आणि 1848 मध्ये त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. कवी नारायण वामन टिळकांनी मात्र 1895 मध्ये तो विचारपूर्वक स्वीकारला.

संमतीच्या या प्रश्नाला आज कायद्याचे उत्तर आहे: भारतीय संविधानाच्या कलम 28 नुसार अनुदानित शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण सक्तीचे करता येत नाही. कलम 30 अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क देते. शाळेचा आणि विद्यार्थ्याचा, दोघांचाही धर्म त्यामुळे सुरक्षित राहतो.