भले करा, पण सांगून करा



रात्री पाहिलेले चॅनल सकाळी त्या नंबरवर सापडत नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. नेहमीचे बटण दाबले की भलतेच काही समोर येते. आवडत्या चॅनलांची यादी पुसलेली असते. कधी रात्री उशिरा कार्यक्रम रंगात आला असतानाच पडदा काळा होतो आणि अपडेट चालू आहे, बॉक्स बंद करू नका, अशी सूचना झळकते. घरात तर कोणी आलेले नाही. मग हा बदल केला कोणी?

सेट-टॉप बॉक्स दिसायला साधी पेटी असली, तरी आतून तो एक छोटा कॉम्प्युटरच आहे. आपल्या देशात खाजगी डिश सेवा २००३ साली सुरू झाली. दूरदर्शनची मोफत सेवा २००४ च्या डिसेंबरात आली. २०१२ साली मुंबईत केबलसाठीही बॉक्स सक्तीचा झाला आणि पुढे २०१७ च्या मार्चअखेरची मुदत घालून तोच नियम खेडोपाडी लागू झाला. या पेटीला चालवणारे सॉफ्टवेअर कंपनीला अधूनमधून बदलावे लागते. फुकट चॅनल पाहणाऱ्यांच्या चोरवाटा बुजवायच्या असतात, दोष दुरुस्त करायचे असतात, एखादी नवी सोय द्यायची असते. हे नवे सॉफ्टवेअर चॅनलांबरोबरच उपग्रहावरून किंवा केबलमधून पुन्हा पुन्हा पाठवले जाते. आपण रिमोटने बंद केलेला बॉक्स खरे तर झोपलेला नसतो, नुसती डुलकी घेत असतो. मध्यरात्रीनंतर तो हे सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू होतो. त्या वेळी टीव्ही पाहणारे कमी, म्हणून रात्र निवडली जाते. ते काम चालू असताना वीज गेली, तर काही बॉक्स अडकून पडतात. म्हणूनच बंद करू नका, असे बजावलेले असते.

थोडक्यात, हेतू चांगला आणि कामही आवश्यक. मग तक्रार कशाची?

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघर जाताना एका आजींची भेट झाली. गुडघ्यांमुळे त्यांचे चर्चला येणे थांबले आहे. मुलगा आणि सून कामावर, नातवंडे कॉलेजात. दुपारी टीव्हीवर रोजरी लागते, तीच त्यांची सोबत. डोळ्यांना अक्षरे दिसत नाहीत, पण बोटांना बटणे पाठ आहेत. त्या दिवशी टीव्ही बंद होता. विचारले, तर प्रथम काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "फादर, माझ्या हातून काहीतरी बिघडलं. तीन दिवस झाले. मुलाला अजून सांगितलं नाही."

त्यांच्या हातून काहीही बिघडले नव्हते. एका रात्रीत चॅनलांचे नंबर बदलले होते, एवढेच. शेजारच्या मुलाने पाच मिनिटांत चॅनल शोधून दिले. पण ते तीन दिवस आजी स्वतःला दोषी समजत बसल्या होत्या. न सांगता केलेल्या बदलाची खरी किंमत ही आहे. ज्याला कोणी काही सांगत नाही, तो दोष आपल्याकडे घेतो. आणि असा दोष घेणारे माणूस बहुधा घरातले सर्वांत दुबळे माणूस असते.

आता शुभवर्तमानाकडे वळू या. देव सर्वसमर्थ आहे. त्याला कोणाची परवानगी घेण्याची गरज नाही. तरी तो कसा वागतो, ते पाहा. नाझरेथमध्ये देवदूत पवित्र मरियेकडे येतो, निरोप सांगतो, तिची शंका ऐकून घेतो, उत्तर देतो आणि मग थांबतो. जगाचे तारण एका खेड्यातल्या मुलीच्या होकारासाठी थांबून राहते! बाराव्या शतकात संत बर्नार्डने आपल्या प्रवचनात या थांबण्यावरच मनन केले आहे. योसेफाच्या बाबतीत तर देव रात्रीच काम करतो, पण परस्पर नाही. तो स्वप्नात त्याला सारे समजावतो. सकाळी योसेफ उठतो तेव्हा त्याला काय घडते आहे हे ठाऊक असते आणि तो स्वतःच्या पायांनी मरियेला घरी आणायला जातो.

यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तिमय आठवा. त्याला काय हवे, हे गर्दीतल्या लहान मुलालाही कळत होते. तरीही प्रभू येशूने त्याला विचारले. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसालाही, बरे व्हायचे आहे का, असे त्याने आधी विचारले. प्रभूला उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. विचारल्याने समोरचा माणूस माणूस म्हणून उभा राहतो, म्हणून. देवाने आपल्याला निर्माण करताना आपली संमती घेतली नाही, पण आपले तारण मात्र तो आपल्या सहभागाशिवाय करत नाही, ही संत अगस्तीनची शिकवण याच अर्थाची आहे. कांट या जर्मन तत्त्वज्ञानेही १७९३ साली एका निबंधात बजावले होते, की प्रजेला लेकरे समजून त्यांचे भले परस्पर ठरवणारे राज्य हा सर्वांत मोठा जुलूम होय.

कोणी म्हणेल, फादर, प्रत्येक गोष्ट विचारत बसलो तर कामे कशी व्हायची? बरोबर आहे. तापाने फणफणलेल्या बाळाला विचारून कोणी औषध पाजत नाही. लाखो बॉक्स चालवणारी कंपनी दारोदार फिरून परवानगी मागू शकत नाही. पण परवानगी घेणे वेगळे आणि सांगणे वेगळे. विचारणे प्रत्येक वेळी जमत नाही. सांगणे बहुतेक वेळा जमते. उद्या रात्री बदल होणार आहे, नंबर बदलतील, घाबरू नका, अशी एक ओळ पडद्यावर आधी दिसली असती, तर त्या आजींचे तीन दिवस वाचले असते.

आणि कंपनीकडे बोट दाखवताना आपल्या घरात काय चालते, तेही पाहायला हवे. आईचे जुने कपाट ती बहिणीकडे गेली असताना भंगारात जाते. वडिलांच्या वाडीचा सौदा आधी ठरतो आणि कागद सहीपुरता त्यांच्यासमोर येतो. आजोबांना महिनाभर मोठ्या मुलाकडे, महिनाभर धाकट्याकडे ठेवायचे ठरते, तेव्हा आजोबा बाजूच्याच खोलीत जागे असतात. नवऱ्याने कर्ज काढल्याचे बायकोला बँकेचा माणूस दारात आल्यावर कळते. प्रत्येक वेळी उत्तर एकच: तुमच्या भल्यासाठीच केले. भले झालेही असेल. पण त्या माणसाला सकाळी उठून स्वतःच्याच घरात परक्यासारखे वाटले, त्याचे काय? हाच नियम धर्मग्राम परिषदेला आणि आम्हा धर्मगुरूंनाही लागू आहे. मिस्साची वेळ बदलायची असो वा कबरस्तानातील जागेचा प्रश्न असो, लोकांना आधी कळले पाहिजे.

म्हणून या आठवड्यासाठी दोन छोट्या गोष्टी सुचवतो. पहिली, घरातील वृद्धांच्या टीव्हीचे चॅनल नीट लागते आहे ना, हे पाहा आणि नवा नंबर ठळक अक्षरांत कागदावर लिहून रिमोटजवळ चिकटवा. शेजारी एकटे राहणारे कोणी असेल, तर युवकांनी तिथेही जावे. रात्री बॉक्स आपोआप बदलतो, त्यात त्यांची चूक नसते, हेही त्यांना आवर्जून सांगा. दुसरी, घरातल्या कोणाविषयी काही ठरवले असेल आणि अजून त्या व्यक्तीला सांगितले नसेल, तर या रविवारी जेवणानंतर शेजारी बसून सांगा. ती काय म्हणते, ते शेवटपर्यंत ऐका. कदाचित तुमचा निर्णय बदलणार नाही. पण तो तिच्या पाठीमागे झालेला राहणार नाही.

मरियेच्या होकाराची वाट पाहणारा देव आपल्याला एकमेकांसाठी थांबण्याची कृपा देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू