माफीचा तगादा

नवऱ्याच्या मारहाणीने खचलेली मुलगी पुसद, दिग्रस वा उमरखेडच्या माहेरी परतते, तेव्हा काही दिवसांतच वडीलधारी मंडळी जमतात. ‘बेटी, सब्र कर. माफ करून टाक, अल्लाह अज्र देईल.’ हेतू बहुधा चांगलाच असतो. परंतु दुसऱ्याच्या जखमेची माफी मागून घेण्याचा अधिकार या मंडळींना दिला कोणी?

पवित्र कुरआनच्या सूरह शूरामध्ये (आयत 39 ते 43) क्षमेची थोरवी सांगितली आहे, हे खरे. मात्र जुल्म झाल्यावर प्रतिकार करणाऱ्यावर दोष नाही, दोष जुल्म करणाऱ्यावर आहे, हेही त्याच आयतींत आहे. म्हणजे क्षमा हा मजलूमचा हक्क आहे. आपण मात्र कर्जासारखी तिची वसुली करायला बसतो!

उहुदच्या लढाईत वहशी यांनी प्रेषितांचे काका हजरत हमजा (रजि.) यांना शहीद केले. पुढे तेच वहशी इस्लाम स्वीकारून प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासमोर आले. सूड घेतला गेला नाही. तरीही प्रेषितांनी त्यांना विचारले की, माझ्या नजरेसमोर न येणे तुम्हाला जमेल का? ही हदीस सहीह बुखारीत आहे. सर्व जगांसाठी रहमत असलेल्या प्रेषितांच्या मनातही माफीनंतर वेदना उरली होती आणि त्यांनी ती लपवली नाही. मग हाड मोडलेल्या मुलीने महिनाभरात त्याच छताखाली, तेही हसतमुखाने, परतावे ही अपेक्षा कोणत्या दीनची? हजरत हबीबा बिन्ते सहल (रजि.) अशाच मार खाऊन पहाटे प्रेषितांच्या दारी आल्या होत्या. त्यांना सब्रचा उपदेश मिळाला नाही. पतीने महर म्हणून दिलेल्या दोन बागा परत घेऊन त्यांना मोकळे करावे, असा निवाडा मिळाला.

जुल्म एकाचा आणि भार दुसऱ्यावर, ही रीत केवळ आपल्याच मोहल्ल्यांची नाही. आपल्याच जिल्ह्यातील झरी जामणी तालुक्यात बाहेरून आलेल्या पुरुषांनी लग्नाचे आमिष दाखवून आदिवासी मुलींना फसवले आणि दिवस गेल्यावर सोडून दिले. त्या मुलींना ‘कुमारी माता’ हे नाव कायमचे चिकटले. त्या पुरुषांना कोणतेच नाव मिळाले नाही.

जखम भरून येते ती आधी कोणीतरी विश्वास ठेवल्याने. मग सुरक्षित छप्पर लागते, हाताला काम लागते, आणि वेळ लागतो. तो किती, हे तिचे तिलाच ठरवू द्यावे. बोलली तर ऐकावे. मजलूमला आपले दुःख उघड बोलण्याची मुभा सूरह निसाच्या 148 व्या आयतीनेच दिली आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणे नव्हे.

जालिम भावालाही मदत करा, असे प्रेषितांनी सांगितले. ती कशी, तर त्याचा हात धरून. मुलीला समजावायला जमलेल्यांपैकी किती जण आधी जावयाच्या दारी जाऊन आले होते?