काळ सरतो तेव्हा

काळ संपतो म्हणजे नेमके काय संपते, साधकहो, याचे उत्तर ज्यांनी स्वरांतून शोधले त्यांत फ्रेंच रचनाकार ऑलिव्हिए मेसियाँ यांना मी फार वरचे स्थान देतो. 1940 साली ते जर्मनांच्या कैदेत पडले, आणि ग्योर्लिट्झच्या छावणीत क्लॅरिनेट, व्हायोलिन, चेलो आणि पियानो यांसाठी, म्हणजे तिथे जे वादक भेटले त्यांच्यासाठी, ‘काळाच्या अंतासाठी चौकडी’ रचून 15 जानेवारी 1941 रोजी ती त्यांनी कैद्यांपुढे आणि पहारेकऱ्यांपुढे वाजवली. कैद्याला काळ संपावासा वाटणारच, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण मेसियाँ यांच्या मनात होता तो प्रकटीकरणाच्या ग्रंथातला देवदूत, जो एक पाय समुद्रावर आणि एक भूमीवर ठेवून काळ सरल्याची शपथ वाहतो, आणि त्या शपथेत कैदेचे दिवसच काय, भूत-भविष्य हा भेदच मावळतो.

संगीतात काळ राहतो कुठे? आवर्तनात, सम येणारच या खात्रीत. ती खात्री सोडण्याचे साधन मेसियाँ यांना लाभले ते शार्ङ्गदेवांच्या ‘संगीतरत्नाकरा’तून, देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात सिद्ध झालेल्या ग्रंथातून (आपल्याकडे त्याचे नाव घेतात पुष्कळ, तो उघडतात थोडे). त्यातले रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे देशी ताल ओवून पहिल्या भागात पियानोला 17 कालमानांची माळ दिली आहे आणि तिच्यासोबत 29 स्वरसंघांची दुसरी माळ फिरते. दोन्ही मूळ संख्या, म्हणून दोन्ही मेरुमणी पुन्हा जुळायला 493 आघात लागावेत, आणि तो भाग त्याच्या कितीतरी आधी थांबतो. काळ इथे मोजला जातो, पण पूर्ण होत नाही.

सहाव्या भागात चारही वाद्ये एकच धून वाजवतात आणि तिच्यातले काही लयबंध असे, की उलटे वाचले तरी तेच; ज्याला पुढे-मागे नाही त्याला काळ तरी कसे म्हणावे?

सर्वांत खोल थर पाचव्या भागात आहे. ‘अनंत संथ’ अशी लय सांगून चेलो येशूच्या शाश्वततेचे स्तवन करतो, आणि ही चाल मुळात 1937 च्या पॅरिस प्रदर्शनातल्या कारंज्यांसाठी रचलेली, हे कळल्यावर काहींना ओशाळे वाटते. मला तर त्यात काळाच्या अंताचीच खूण दिसते, कारण क्षणिक शोभेला वाहिलेला स्वरही संथ झाला की नित्याला लागतो.

भाग आठ का? सातवा दिवस निर्मितीनंतरच्या विसाव्याचा, आणि तो विसावा अनंतात पोचला की आठवा. ऐकायला बसाल तेव्हा पन्नासेक मिनिटे मोकळी ठेवा, आणि पाचव्या भागात पियानोचे आघात मोजत बसू नका.