विक्रेत्याचे मौन: जुन्या यंत्राच्या व्यवहारातील सत्याचा प्रश्न

वापरलेल्या वस्तूच्या विक्रीत विक्रेत्याचे मौन असत्यात मोडते का, हा नीतिशास्त्रातील जुना प्रश्न सीएनसी लेथच्या खरेदीत विशेष तीव्रतेने उभा राहतो. सीएनसी लेथ म्हणजे संगणकीय आज्ञांनुसार धातूचा जॉब चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, फिरवून त्याला मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, हिशेबाने आकार देणारे यंत्र होय. विडी कामगारांच्या वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या, सोलापूरलगतच्या कुंभारीसारख्या गावात कोणी लहान वर्कशॉप काढू पाहतो, तेव्हा नवे यंत्र बहुधा त्याच्या आवाक्याबाहेरचे असते. आणि कर्ज काढून जुने यंत्र घेताना त्याचा चरितार्थ बऱ्याच अंशी विक्रेत्याच्या शब्दावर अवलंबून राहतो.

मडके वाजवून घेता येते, कारण त्याची चीर आवाजातून कळते. या यंत्राचा दोष मात्र आकड्यांत दडू शकतो. मोटारीच्या फिरण्याचे हत्याराच्या सरळ चालीत रूपांतर करणारा बॉलस्क्रू झिजला, की चाल उलटताना क्षणभर पोकळ जागा राहते. तिला बॅकलॅश म्हणतात. कंट्रोलमध्ये भरपाईचा आकडा भरून ही पोकळी काही प्रमाणात झाकता येते, पण झीज सर्वत्र सारखी नसते, चकजवळच्या सततच्या वापराच्या पट्ट्यात ती अधिक असते, त्यामुळे एका ठिकाणी अचूक वाटणारे यंत्र दुसऱ्या ठिकाणी माप सोडते. पूर्वी टरेट, म्हणजे हत्यारे बसवलेला फिरता भाग, चकवर आदळला होता का, हेही ताज्या रंगाखाली दिसत नाही.

कायद्याने येथे एक रेषा आखली आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 हा वस्तुस्थिती जाणूनबुजून लपवणे कपट मानतो, परंतु बोलण्याचे कर्तव्य नसेल, तेथे निव्वळ मौनाला कपट म्हणत नाही; आणि मालविक्री अधिनियम, 1930 काही अपवाद वगळता मालाच्या गुणवत्तेची गर्भित हमी देत नाही. हाच वाद रोमन विचारवंत सिसेरो याने इसवी सनपूर्व 44 मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथात मांडला आहे: सदोष घर विकणाऱ्याने दोष सांगावा, असे स्टोइक तत्त्वज्ञ अँटिपॅटर म्हणतो, तर न सांगणे म्हणजे फसवणे नव्हे, असे त्याचा गुरू डायोजेनिस मानतो. सिसेरोचा कौल अँटिपॅटरकडे आहे.

भारतीय परंपरेत हा प्रश्न सत्यापेक्षा अस्तेयाच्या, म्हणजे चोरी न करण्याच्या, व्रताखाली अधिक नेमका मांडला गेला आहे. ज्या सोलापुरातून जीवराज जैन ग्रंथमाला प्रसिद्ध झाली, तेथील अभ्यासकांना परिचित असलेल्या तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात खोटी मापे वापरणे आणि प्रतिरूपक व्यवहार करणे, म्हणजे अस्सलाच्या जागी तसाच दिसणारा हिणकस माल खपवणे, हे अस्तेयव्रताचे अतिचार, अर्थात त्या व्रताला लागणारे दोष, मानले आहेत. झिजलेल्या बेडवर, म्हणजे यंत्राच्या पायाभूत चौकटीवर, रंग चढवून यंत्र ‘सुस्थितीत’ म्हणून विकणे हा या अर्थाने प्रतिरूपक व्यवहारच ठरतो. येथे चोरी कशाची झाली, हेही मोजता येते: दोष सांगितल्यावर किंमत जेवढी उतरली असती, तेवढी रक्कम मौनाने काढून घेतलेली असते. ग्राहकाने सौद्याला संमती दिली, हा बचाव पुरत नाही, कारण ती संमती विक्रेत्याने दाखवलेल्या यंत्राला होती, प्रत्यक्ष हाती आलेल्या यंत्राला नव्हे.

ग्राहकाने परीक्षा करावी, हा आक्षेप मात्र रास्त आहे. स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, तापेपर्यंत चालवणे, डायल गेजने फेर तपासणे, बेडच्या वेगवेगळ्या भागांत जॉब काढून मायक्रोमीटरने मोजणे हे त्याचे काम आहे. परीक्षेला मुभा देणाऱ्या विक्रेत्याने आपले कर्तव्य अंशतः बजावलेले असते. उरलेले कर्तव्य परीक्षेच्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींपुरते, म्हणजे भरपाईचा आकडा, झालेली टक्कर आणि बदललेले भाग सांगण्यापुरते राहते. जेथे ज्ञान एकाच पक्षाकडे आहे, तेथे बोलण्याचा भारही त्याच पक्षावर येतो.

सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धेश्वर, म्हणजे बाराव्या शतकातील शिवभक्त शरण सिद्धराम, ज्या शरण परंपरेतले आहेत, तिच्यातील कायक या संकल्पनेचा अर्थ प्रामाणिक श्रमाने केलेली उपजीविका असा आहे, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाचे फळ समाजाला अर्पण करणे होय. या दृष्टीने विकले जाणारे यंत्र एका माणसाच्या कायकातून दुसऱ्याच्या कायकात जाते. म्हणून खंडेनवमीला ज्या लेथला हळदकुंकू वाहिले, तिचा दोष विकतेवेळी लपवणारा कारागीर ग्राहकाचे पैसे घेतोच, शिवाय त्याच्या उद्याच्या मापांतही चूक पेरतो.