शांतता आणि मौन

वालीव नाक्यावर संध्याकाळी कारखाने सुटतात, त्या वेळी क्षणभर थांबून कानोसा घ्यावा. भोजपुरी, हिंदी, ओडिया, गुजराती अशा नाना बोली कानांवर पडतात आणि त्या गलबल्यात आपली मराठी शोधावी लागते. तुंगारच्या पायथ्याकडे पसरलेल्या या भागात एके काळी भातशेती होती. आज तेथे औद्योगिक गाळ्यांच्या रांगा उभ्या आहेत आणि गाळ्यांच्या मागे कामगारांच्या चाळी. ज्यांच्या आजोबांनी येथे नांगर धरला, त्यांपैकी कित्येकांचा संसार आता या चाळींच्या भाड्यावर चालतो.

या बदलाबरोबर आपले चव्हाटेही बदलले. पूर्वी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात किंवा गावच्या क्रूसाजवळ माणसे घोळक्याने उभी राहत आणि साऱ्या गावाची खबरबात तेथे मिळे. आज ती मोबाईलमधल्या गटांत मिळते. कोणाचे निधन झाले, दफनविधी किती वाजता, कोणाला रक्त हवे आहे, पाणी कधी येणार, हे सारे आपल्याला व्हॉट्सॲपचा गट सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत अशा गटांनी किती घरांना धान्य आणि औषधे मिळवून दिली, हे आपण विसरू शकत नाही. म्हणून पुढे जे लिहिणार आहे, ते या साधनाची निंदा करण्यासाठी नव्हे. ते माझ्याच हातून घडलेल्या एका गोष्टीची कबुली आहे.

परिचितांच्या अशाच एका गटाच्या तीन चालकांपैकी मी एक आहे. चालक म्हणजे ज्याला कोणाला गटात घ्यावे, कोणाला काढावे आणि कोणता निरोप पुसून टाकावा याचा अधिकार असतो तो. आपण त्याला ॲडमिन म्हणतो. झारखंडहून आलेला एक कॅथलिक तरुण आमच्या गटात होता. वालीवमधील एका गाळ्यात तो प्रेस मशीनवर काम करी. सणाच्या सजावटीसाठी रात्रभर राबला, तेव्हा कोणीतरी त्याला गटात घेतले. एका संध्याकाळी त्याने हिंदीत चार ओळी लिहिल्या. खोलीसाठी तो आपल्याच लोकांच्या तीन घरी गेला होता. एका घरी त्याला विचारले, तुम्ही लोक काय खाता? दुसऱ्या घरी, आम्ही परप्रांतीयांना देत नाही, असे सांगितले. तिसऱ्या घरी फोनवर होकार मिळाला होता. परंतु त्याचा चेहरा पाहिल्यावर खोली गेली, असे उत्तर आले. खोली भाड्याने देण्याची पाटी तेव्हाही दारावर लटकतच होती. शेवटी त्याने लिहिले होते, 'हम भी तो कैथोलिक हैं।'

मी तो निरोप पुसून टाकला. त्याखाली नम्रपणे लिहिले : 'कृपया गटात फक्त उपयोगी निरोप टाकावेत. वाद नको.' पुढे जोडलेल्या हातांचे चित्रही टाकले. थोड्या वेळाने तो तरुण गट सोडून गेल्याची ओळ पडद्यावर उमटली. दोनशेहून अधिक माणसांच्या त्या गटात त्याच्याविषयी कोणी अवाक्षर काढले नाही.

माझ्या मनाने मला तत्काळ समर्थन पुरवले. गट सर्वांचा आहे, त्यात कटुता नको, अशा गोष्टी समोरासमोर बोलाव्यात. रात्री मात्र गट वर सरकवून पाहताना चार दिवसांपूर्वीचा एक निरोप दिसला. रस्त्याने चाललेल्या एका आफ्रिकन माणसाचे छायाचित्र होते आणि खाली सूचना : 'हा आपल्या भागात फिरत आहे, सावध राहा.' त्या माणसाने काय केले होते, हे कोठेही लिहिलेले नव्हते. तो फक्त चालत होता. त्या निरोपाखाली कितीतरी जणांनी आभार मानले होते. मीही अंगठा उंचावला होता. तो निरोप पुसावा असे मला एकदाही वाटले नाही, कारण त्याने गटाची शांतता भंगली नव्हती.

येथेच माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. मी जिचे रक्षण करीत होतो, ती शांतता कोणाची होती?

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या माझ्या पुतण्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याने मला एक मोठीच हकिगत ऐकवली. जर्मनीतील ऑयगेन रोखको या तरुणाने २०१६ साली मॅस्टोडॉन नावाचे एक समाजमाध्यम सुरू केले. त्याला एक मालक नाही. हजारो छोटे छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा चालक वेगळा, नियम वेगळे, आणि तरीही एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्या माणसाशी बोलू शकतो. जणू अनेक गावे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा. आपल्याकडे नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले आणि त्याच सुमारास ट्विटर जातिभेद करते असा आरोप दलित-बहुजन लेखकांनी केला, तेव्हा अनेक भारतीयांनी या माध्यमाकडे धाव घेतली होती. पुढे २७ ऑक्टोबर २०२२ रोजी ट्विटर इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेले आणि जगभरातील लाखो लोक तिकडे वळले.

हे ऐकून मला वाटले, रोगावर औषध सापडले. एक धनी नसला की अन्यायही नसेल! पुतण्या म्हणाला, पुढचे ऐका. त्या नव्या वस्तीत अमेरिकेतील कृष्णवर्णीय माणसेही आली. आपल्याला रोज सोसाव्या लागणाऱ्या वर्णद्वेषाविषयी ती लिहू लागली, तेव्हा तेथील काही जुन्या रहिवाशांनी त्यांना सुचवले, की हा विषय त्रासदायक आहे. तो इशाऱ्याच्या पडद्याआड झाकून लिहा, म्हणजे ज्याला वाचायचे नाही त्याला त्रास होणार नाही. सुचवणारे लोक बहुधा सौम्य आणि सुशिक्षित होते. जोडलेल्या हातांचे चित्र टाकणाऱ्या माझ्यासारखेच!

मला माझे उत्तर त्या दूरदेशीच्या गोष्टीत मिळाले. राजवाड्याचा एक दरवाजा मोडून हजार घरांची हजार दारे केली, म्हणून दारावरचा भेद आपोआप जात नाही. केवळ द्वारपालांची संख्या वाढते. व्हॉट्सॲप एका कंपनीच्या मालकीचे आहे हे खरे. पण गटात काय राहावे आणि काय जावे, हे ठरवायला त्या कंपनीचा माणूस वालीवला येत नाही. ते मी ठरवतो.

याला कोणी म्हणेल, इतके मनाला लावून का घेता? कायदाही चालकावर एवढा भार टाकीत नाही. ते खरे आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू असल्याचे दिसत नसेल तर, गटाच्या चालकाला दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु विवेकाचे न्यायालय निराळे असते. भावाविषयी विचारणा झाली तेव्हा, त्याला राखणे हे माझे काम आहे काय, असा उलट प्रश्न काइनने देवाला केला होता. शास्त्रात हा प्रश्न खुनी माणसाच्या तोंडी आहे, याचा आपण पुरेसा विचार करीत नाही.

वाटून घेतलेली चूक हलकी होते, असा आपला एक गोड समज असतो. मी फक्त पुढे पाठवले. मी फक्त अंगठा दाखवला. मी फक्त गप्प राहिलो. या समजाची किंमत आपल्याच पालघर जिल्ह्याने मोजली आहे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे, सुरतकडे अंत्यविधीसाठी निघालेल्या दोन साधूंना आणि त्यांच्या वाहनचालकाला जमावाने ठार मारले. त्यापूर्वी काही दिवस त्या परिसरात चोर आणि मुले पळवणारे लोक फिरत असल्याच्या अफवा मोबाईलवरून पसरल्या होत्या. त्या अफवा पुढे धाडणाऱ्यांपैकी किती जणांनी हातात काठी घेतली असेल? बहुतेकांनी केवळ शेजाऱ्याला सावध केले होते. हत्येनंतर अफवांची दुसरी लाट आली आणि ती अल्पसंख्याकांवर धावून गेली. अटक झालेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून, त्यांत एकही मुसलमान नाही, असे तत्कालीन गृहमंत्र्यांना जाहीर करावे लागले. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडेही बोट दाखवले गेले. पहिल्या लाटेच्या वेळी आपल्यापैकी अनेकांना तो आपला प्रश्न वाटला नव्हता; दुसऱ्या लाटेत आपलेच नाव आले, तेव्हा तो आपला झाला.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची आठवणही येथे होते. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा गदारोळ काहींनी केला. आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या माणसाला त्याचा धर्म दाखवून परके ठरवण्याचा तो प्रयत्न होता. आपण सारे त्या वेळी दुखावलो. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ते संमेलन त्यांच्या अध्यक्षतेखाली पार पडले, तेव्हा आपल्याला न्याय झाल्यासारखे वाटले. आज दिब्रिटो आपल्यात नाहीत. पण दारावर अडवले जाण्याची ती वेदना आपल्याला ठाऊक असताना, 'हम भी तो कैथोलिक हैं' या वाक्यातली तीच वेदना मला ओळखू का आली नाही?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. वसईच्या भूमिपुत्राच्या मनात एक दुःख आहे आणि ते खोटे नाही. शेते गेली, विहिरी आटल्या, बोली मागे पडत चालली. हरित वसईच्या आंदोलनात हजारो माणसे उगीच रस्त्यावर उतरली नव्हती. तथापि तो रोष जमिनी गिळणाऱ्या योजनांवर आणि टँकरने पाणी उपसणाऱ्यांवर होता. त्याची धार बोथट होते, तेव्हा तो दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूवर उतरतो, कारण तो समोर असतो आणि उलट बोलू शकत नाही. त्या तरुणाच्या छोटानागपूरचा इतिहासही जमिनीचाच आहे. १८८५ साली तेथे गेलेल्या फादर कॉन्स्टंट लिवेन्स यांनी जमीनदारांविरुद्ध आदिवासींच्या बाजूने कोर्टकचेऱ्या केल्या, हे त्या भागातील ख्रिस्ती घरांत अजून सांगितले जाते. आपण दोघे एकाच दुःखाचे धनी आहोत. हे आपल्याला कळत नाही, कारण आपण एकमेकांना तेवढे बोलूच देत नाही.

आणि आपण ज्याचा सण दर फेब्रुवारीत साजरा करतो, तो संत गोन्सालो गार्सिया कोण होता? पोर्तुगीज पिता आणि येथील माता यांचा, वसईत जन्मलेला पुत्र. ज्या जेझुइट संघाबरोबर त्याने जपानात काम केले, त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. पुढे मनिलामध्ये फ्रान्सिस्कन संघाने त्याला आपल्यात घेतले. जपान्यांची भाषा त्याने इतकी आत्मसात केली, की तो फ्रान्सिस्कन बंधूंचा दुभाषी झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्याने क्रूसावर प्राण दिला. वसईचा हा पहिला संत रक्ताने मिश्र होता, परक्या मुलखात परप्रांतीय होता आणि त्याचे काम काय, तर एकाचे बोलणे दुसऱ्यापर्यंत पोहोचवणे. आज तो वालीवला खोली शोधीत आला असता, तर त्याचे आडनाव विचारून झाल्यावर आपण त्याचा रंगही पाहिला असता, अशी मला भीती वाटते.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात समाजमाध्यमांवरील गटांविषयी एक इशारा दिला होता. असे गट पुष्कळदा बाहेरच्या माणसाला विरोध करूनच आपली ओळख घडवतात, असे त्यांचे सांगणे होते. या कसोटीवर प्रत्येकाने आपापला गट तपासून पाहावा. ज्या गटात परक्याविषयीची शंका चार दिवस सुखाने राहते आणि परक्याचे गाऱ्हाणे चार मिनिटे टिकत नाही, तेथे शांतता नाही. तेथे केवळ मौन आहे, आणि तेही बोलू शकणाऱ्यांनी इतरांवर लादलेले. खरी शांतता हवी असेल तर गाऱ्हाणे ऐकण्याचा अवघडलेपणा सोसावा लागेल. अपमान करणारी शिवी पुसावी. पण अपमान झाल्याची तक्रार पुसू नये. दोन्हींमुळे गटात अस्वस्थता येते, एवढ्यावरून ती दोन्ही सारखी ठरत नाहीत.

मी त्या तरुणाला शोधीत त्याच्या गाळ्यावर गेलो. त्याची माफी मागितली. तो संकोचून म्हणाला, 'जाने दीजिए, अंकल।' तो गटात परत आला नाही. तसा आग्रह मीही धरला नाही. त्याच्या संमतीने मी त्याची हकिगत माझ्या नावाने गटात लिहिली, ती मीच पुसली होती हेही लिहिले आणि ते छायाचित्र काढून टाकले. दोघांनी फोन करून मला सुनावले. एकाने गट सोडला. बाकी सारे गप्प होते.

रात्री उशिरा आमच्या एका वयोवृद्ध मावशींचा निरोप आला. त्यांना मोबाईलवर लिहिण्याची फारशी सवय नाही. त्यांनी एवढेच विचारले होते : 'त्याला खोली मिळाली का?'

हा प्रश्न त्या पहिल्या संध्याकाळी मी विचारायला हवा होता.