आधी गाडीखाली जा

पेढे बाजूला ठेव आणि आधी उत्तर दे. पैसे मोजण्यापूर्वी गाडीखाली शिरला होतास का? रबरी मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा पाहिलास? डिकीतली स्टेपनी काढून तळाला हात लावलास? यातलं एकही केलं नसशील, तर पैसे मोजलेस ते कशाचे? रंगाचे. ताजा रंग, चकाकणारा बंपर आणि पहिल्या सेल्फला चालू झालेलं इंजिन, एवढ्यावर भाळलास. मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेल्या मुलाने असं करावं याचा मला संताप येतो.

1968 ची फियाट डिलाइट आहे ही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली. पुढे हिचीच पद्मिनी झाली आणि मुंबईने तिला काळी-पिवळी म्हणून डोक्यावर घेतलं. 2023 च्या ऑक्टोबरअखेर त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. आता अशा ज्या गाड्या उरल्या आहेत त्यांची संख्या फक्त कमी होणार, वाढणार नाही. अशी गाडी ज्याच्या हाती येते त्याच्यावर जबाबदारी येते. आणि तू काय केलंस? घरी आणल्या आणल्या सीट कव्हरवाल्याला बोलावलंस!

पहिल्या दिवशी शिकवलेलं पुन्हा ऐक. जीपला वेगळी चासी असते. बॉडी सडली तर उतरवून दुसरी बसवता येते. डिलाइटला तशी चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. दाराखालचा सिलचा पत्रा, फ्लोअर, मागच्या पाट्यांचे हँगर जिथे बसतात ती जागा, जॅक लावायच्या जागा, हे सगळं मिळून गाडीला ताठ ठेवतं. तिथे सड असेल तर वरून कितीही रंग मार, गाडी मधोमध खचत जाते. चारही दारं एकेक करून उघड आणि बंद कर. दार उघडल्यावर खाली बसतंय का, लावताना उचलून लावावं लागतंय का, दाराची फट वर एक आणि खाली एक आहे का, हे नीट बघ. मागची चाकं जॅकवर उचलल्यावर दार घट्ट होत असेल तर समजून जा की सांगाडा मऊ पडलाय.

चुंबक घेऊन ये. फडक्यात गुंडाळून मडगार्डच्या कडेने, दारांच्या खालच्या अंगाने, सिलवरून हळूहळू फिरव. जिथे तो पकडत नाही तिथे पत्रा नाही, पुटी आहे. मग खाली जा. तू कौतुकाने दाखवलंस ना, “सर, खालून अंडरकोटिंगपण नवीन केलंय”? मला त्याच काळ्या थराचा संशय आहे. विकायच्या तोंडावर कोणी खालून काळं फासतो तेव्हा त्याखाली काय झाकलंय हे विचारायचं असतं. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. आवाज बदलला की टोक टेकवून दाब. आत गेलं तर गेलं! भोक तू पाडलं नाहीस, ते होतंच. दारांच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात, ती या काळ्या थराने बुजली असतील तर आधी मोकळी कर. नाहीतर पहिल्याच पावसात दारं आतून सडायला लागतील.

गाडी कुठे वाढली तेही विचारलं नाहीस. मुंबई-रत्नागिरीच्या खाऱ्या हवेतली गाडी पत्र्याने जाते. सोलापूर-नागपूरकडची पत्र्याने बरी निघते, पण तिची रबरं उन्हाने वाळून तडकलेली असतात. इतिहास माहीत असला की कुठे बघायचं ते कळतं. विकणारा “एकच मालक, सगळं ओरिजिनल” म्हणाला आणि तू मान डोलावलीस!

आता ब्रेकचं. यावर मी आवाज चढवणार आहे आणि तू मुकाट्याने ऐकून घेणार आहेस. वडिलांना बसवून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जायचं ठरवलंस म्हणे. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि हायड्रॉलिकचं सर्किट एकच आहे. एका व्हील सिलिंडरचं रबर फाटलं की सगळा दाब तिथून निघून जातो आणि पेडल फळीला टेकतं. हातात उरतो हँडब्रेक. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. वर्षानुवर्षं न बदललेल्या ऑइलमध्ये पाणी मुरलेलं असतं. घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, चाकापर्यंत जोर पोचवत नाही. सपाट रस्त्यावर ब्रेक लागतात म्हणून घाटातही लागतील, हे तुला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं. चारही ड्रम उतरव. व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून आत ओल आहे का बघ. रबरी होज पाईप वाकवून भेगा बघ. जुना होज आतून फुगतो आणि ब्रेक सोडल्यावरही चाक धरून ठेवतो, तेव्हा प्रत्येक चाक हाताने फिरवून पाहा. मास्टर सिलिंडरसकट सगळी रबरं बदलून, नवं ऑइल भरून, हवा काढून होईपर्यंत ही गाडी कंपाउंडबाहेर जायची नाही. वडिलांचा जीव तुझ्या हौसेसाठी नाही.

टायरची नक्षी दाखवून “नवेच आहेत” म्हणू नकोस. बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाच: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही, पण जुना होतो. पुढची चाकं उचलून वर-खाली धरून हलव, किंगपिन आणि बुशांची खडखड हाताला कळेल. ग्रीसचे निपल कोरडे ठाक असतील तर मागच्या मालकाने काय सांभाळलं तेही कळेल.

वायरिंगचं तू बघितलंच नसशील. डॅशबोर्डखाली वाकून बघ. स्टिरिओसाठी, हॉर्नसाठी, कुणी कुठून वायर ओढली आहे, कुठे नुसती पट्टी गुंडाळली आहे. जुनं आवरण तडकलं की ठिणगी पडायला निमित्त लागत नाही. गाडी उभी असताना बॅटरीची तार काढून ठेव.

इंजिनबद्दल तू आल्यापासून बोलतोयस, म्हणून ते मी शेवटी घेतलं. 1089 सीसीचं साधं इंजिन आहे, ते कुठलाही जाणता मिस्त्री उघडून बांधून देईल. सडलेला सांगाडा उभा करणारा डेंटर मात्र शोधूनही सापडत नाही. म्हणून बघण्याचा क्रम असा असतो. विकणाऱ्याने तू यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवलं नव्हतं, हे कशावरून? थंड असताना तपास. चारही प्लग काढ, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेव आणि कंप्रेशन घे. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का ते महत्त्वाचं. एक कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा घे. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी आले तर गॅस्केट. हेड ॲल्युमिनियमचं आहे, नुसत्या नळाच्या पाण्यावर वर्षं काढली असतील तर ते आतून खाल्लेलं असेल. रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याचा रंग बघ. पेट्रोलच्या रबरी नळ्या सगळ्या बदल. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही, आणि गळती गरम इंजिनवर होते.

कागद काढ. चासी नंबरची प्लेट पुसून चासी प्रिंट घे आणि आरसीशी आकडा न् आकडा जुळव. इंजिन नंबरही. मध्येच कोणी इंजिन बदललं असेल आणि आरसीवर चढवलं नसेल तर ते आता तुझ्या गळ्यात आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नव्याने नोंदणी असेल तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो. पण मूळ रूपातली! आणि तू अलॉय व्हील आणि फ्लोअर गिअरची चौकशी करतोयस. या गाडीचा गिअर स्टेअरिंगपाशीच राहील. लिव्हर ढिली पडली असेल तर तिथेच घट्ट कर, दुसरीकडे हलवू नकोस.

सीट कव्हरवाल्याला आजच फोन करून नको म्हणून सांग. तो पैसा ब्रेकला लागेल. रविवारी चटईवर पडून गाडीखाली जा, जे दिसेल ते वहीत लिही. बरं-वाईट दोन्ही, काहीही न लपवता. सोमवारी वही घेऊन वर्कशॉपला ये. गाडी टोइंगच्या ट्रकवर चढवून आण. चालवत आणलीस तर फाटकातूनच परत पाठवीन.