पट्टीवरचा कापूस

घरात कुठं जुनी निगेटिव्हची पट्टी सापडते का, ते आधी बघा. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात असेल, किंवा फोटो स्टुडिओच्या पिवळ्या पडलेल्या पाकिटात. आपल्या नांदगाव खंडेश्वरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्या घरी लग्न झालं, त्या घरात ती बहुतेक निघेल. सापडली की कडेनं धरा, मध्ये बोट लावू नका. हाताशी कामाची घाई नसेल अशा वेळी दारात उजेडाकडे तोंड करून बसा. मोबाइल आत राहू द्या.

चित्रात कोण आहे, हे इतक्यात शोधू नका. आधी नुसती पट्टी पाहा. तिरपी करून पाहिलीत तर एक बाजू चकचकीत दिसेल, दुसरी जराशी मंद.

चकचकीत बाजू म्हणजे पट्टीचा पाया, आणि हा पाया सेल्युलोजचा. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. जिनिंगमध्ये रुई सुटून गेल्यावरही सरकीला आखूड लव चिकटलेली राहते. ती लव काढायची, तिच्यावर आम्लाची प्रक्रिया करायची, तिचा पारदर्शक पातळ पापुद्रा ओढायचा. फिल्म अशी तयार होत आली. सुरुवातीची साठेक वर्षं नायट्रिक आम्ल वापरायचे, म्हणून ती फिल्म भडकन पेटायची. १९५० च्या सुमारास अ‍ॅसिटेटची फिल्म सगळीकडे आली, ती तशी पेटत नाही. पुढं लाकडाचं सेल्युलोजही वापरात आलं. पण सिनेमाचा जन्म सरकीच्या लवेवर झाला, हे आपण वऱ्हाडातल्या माणसांनी तरी एकदा मनात नीट मुरू द्यावं.

मंद बाजूला जिलेटिनचा थर असतो. जिलेटिन निघतं जनावरांच्या हाडांतून, कातड्यातून. आणि त्या थरात पसरलेले असतात चांदीच्या क्षारांचे कण. रंगीत निगेटिव्ह धुताना चांदी निघून जाते, मागे रंग उरतात. काळ्या-पांढऱ्या निगेटिव्हमध्ये मात्र चांदीच शिल्लक राहते. आजोबांचं पांढरंशुभ्र धोतर निगेटिव्हवर काळं दिसतं. तो काळेपणा म्हणजे धोतरावरून परतलेल्या उन्हानं जागच्या जागी धरून ठेवलेली चांदी.

इथं थोडं थांबा. कापूस, हाडं, चांदी. दाराशी सरकीची ढेप खाणारी जनावरं, आजीच्या पायातले वाळे, सीतादही करून सुरू केलेली पहिली वेचणी, ही सगळी आपल्या रोजच्या जगण्यातली. त्याच मालावर दादासाहेब फाळके, प्रभात आणि राज कपूर उभे राहिले. मला हे फार मोठं वाटतं. सिनेमा आभाळातून पडलेला नाही, तो जमिनीतून आलेला आहे.

आता उजेडाचा विचार करू. फोटो काढताना पट्टीवर उजेड पडतो तो सेकंदाचा पाचशेवा हिस्सा, कधी त्याहून कमी-जास्त. तेवढ्यात चांदीच्या कणांवर इतका सूक्ष्म बदल होतो की पट्टी त्या वेळी अंधारात पाहता आली असती, तरी डोळ्यांना काही दिसलं नसतं. चित्र असतं, पण दिसत नाही. रसायनात धुतल्यावर ते हळूहळू वर येतं, आणि हायपोच्या द्रावणात बुडवल्यावर कायमचं टिकतं. मधल्या काळात, मग तो एका दिवसाचा असो की सहा महिन्यांचा, चित्र पट्टीवर गुपचूप थांबून राहतं. हे थांबणं मनात धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

हीच पट्टी आता हलवून पाहू. सिनेमाची फिल्म ३५ मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोकं, एका फुटात १६ चित्रं. बोलपटात सेकंदाला २४ चित्रं प्रोजेक्टरच्या खिडकीसमोर येतात. पण पट्टी सलग वाहत नाही. प्रत्येक चित्र खिडकीत येऊन थांबतं, उजेड त्यातून जातो, मग एक पातं आडवं येऊन अंधार करतं, त्या अंधारात पट्टी एक घर पुढं सरकते आणि पुन्हा थांबते. पातं असं फिरत राहतं, त्यामुळे पडदा निम्म्याच्या आसपास वेळ काळाच असतो. दोन तासांचा सिनेमा पाहून आपण बाहेर येतो, त्यातला जवळपास तासभर आपण अंधार पाहिलेला असतो. पडद्यावर पळणारा घोडा कधी पळालेलाच नसतो. स्थिर चित्रं आणि मधला अंधार यांच्यातून घोडा पळवतो तो पाहणाऱ्याचा मेंदू. सिनेमा पाहणारा माणूस नुसता बसलेला नसतो, तो काम करत असतो.

डोळे मिटा आणि तुमच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाच्या सिनेमाकडे जा. जत्रेच्या मैदानात तंबू, बाहेर उभा ट्रक, भोंग्यावर गाणी, खाली माती. एकच प्रोजेक्टर असला की रीळ संपल्यावर खेळ थांबे, दिवे लागत, लोक आपापसात बोलत, आणि दुसरं रीळ चढलं की पुन्हा अंधार. त्या माणसाला आज संध्याकाळी विचारा. सिनेमा कोणता, ते नका विचारू. पडद्यावर उजेड पडण्याआधी काय वाटायचं, ते विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या अशा फिरत्या सिनेमांच्या मागे वर्षानुवर्षं फिरून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. मिळाला तर जरूर पाहा. आपला भाग या धंद्यात परका नव्हताच. सी.पी. अँड बेरार प्रांत कधीचा गेला, पण सिनेमाच्या वितरणात आपल्या पट्ट्याला अजूनही सी.पी. बेरार म्हणतात.

आता एक सिनेमा निवडा. माझं ऐकाल तर ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली प्रभातसाठी केलेला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला. आजारी पोरासाठी जिजाई हातात वहाण घेऊन विठ्ठलाला जाब विचारायला देवळात शिरते, तो प्रसंग काढा. एकदा नेहमीसारखा पाहा. मग आवाज पूर्ण बंद करून पाहा. गौरी या अभिनेत्रीचा चेहरा बघू नका, तिचे हात आणि पावलं बघा. राग खांद्यातून कसा खाली उतरतो, ते बघा. तिसऱ्यांदा माणसंच सोडून द्या आणि उजेड कुठून येतोय तेवढंच पाहा. देवाच्या अंगावर किती, तिच्या अंगावर किती. आपल्या शेजारच्या दारात रोज दिसावी अशी ही बाई आहे. दिग्दर्शकांनी तिला तितक्याच जवळून आणि तितक्याच आदरानं पाहिलं. चांगल्या सिनेमाची माझी कसोटी हीच, की करणाऱ्यानं स्वतः किती वेळ पाहिलं असेल.

फाळक्यांनी किती पाहिलं, ते ठाऊक आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी लगेच राजा-राणीची गोष्ट घेतली नाही. कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा रोखला, आणि महिन्याहून जास्त दिवस त्या अंकुराचं थोडंथोडं चित्रण केलं. पडद्यावर ते मिनिटभरात संपायचं. तो तुकडा पाहून भांडवल उभं राहिलं आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. फिल्म तेव्हा भोकं न पाडलेली यायची. सरस्वतीबाई फाळके घर सांभाळून अंधारात बसून तिला भोकं पाडत, रसायनं तयार करत, फिल्म धूत. भारतीय सिनेमाचं पहिलं पीक एक वाटाणा होतं आणि ते एका घरात निघालं. शाळेच्या पुस्तकात हरिश्चंद्र येतो. मला तिथं वाटाणाही हवा आहे.

म्हणून आता तुम्ही. फोटोच्या कॅमेऱ्यातला ३५ मिलिमीटरचा रोल म्हणजे सिनेमाचीच फिल्म. ऑस्कर बर्नाक यांनी ती आडवी फिरवून छोट्या कॅमेऱ्यात बसवली, आणि १९२५ मध्ये लायका बाजारात आला. एका रोलमध्ये ३६ चित्रं. सिनेमाच्या वेगानं धावली तर दीड सेकंद.

हा दीड सेकंद एका पऱ्हाटीला द्या. पेरणीपासून शेवटच्या बोंडापर्यंत साधारण सहा महिने धरले, तर दर पाच दिवसांनी एक फोटो. मृगाच्या पावसावर पेरणी झाली की वावरात एक जागा ठरवा. बांधाजवळ खुंटी ठोका आणि दर वेळी कॅमेरा त्याच खुंटीवर, त्याच उंचीला टेका. वेळ एकच ठेवा, शक्यतो सकाळची. ४०० आयएसओचा काळा-पांढरा रोल, लख्ख उन्हात छिद्र १६ आणि शटरचा वेग १/५००. श्रावणातलं आभाळ दाटून आलं तर छिद्र ५.६ किंवा ४ पर्यंत उघडा. कॅमेरा घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा, गाडीच्या काचेमागे किंवा मोटारसायकलच्या डिकीत विसरू नका, उष्णतेनं फिल्म खराब होते.

दोन फोटोंमधल्या चार दिवसांत, जेव्हा फोटो काढायचा नसतो, तेव्हाही वावरात जाल तर खुंटीपाशी थांबा. कॅमेरा घरी आहे, हे चांगलंच. पानामागची अळी, पहिली पाती, फूल पांढऱ्यावरून गुलाबी होतं तो दुसरा दिवस, हे सगळं नुसतं बघा. उन्हाचा अभ्यास करायचा तर खंडेश्वराच्या हेमाडपंती मंदिरात दुपार कलताना बसा. आतल्या काळ्या खांबांवर कोरलेलं काम सरळ उजेडात सपाट वाटतं आणि तिरप्या उजेडात उठून येतं. पऱ्हाटीच्या पानाचंही तसंच आहे.

सहा महिने काहीच दिसणार नाही. पडदा नाही, मागे वळून पाहणं नाही, चुकलेलं पुसणं नाही. पहिला फोटो बरा आला की बिघडला, हे बोंडं फुटेपर्यंत कळायचं नाही. अस्वस्थ व्हाल. त्या अस्वस्थपणाला घालवू नका. पेरणी करून पावसाकडे पाहणाऱ्या माणसाला तो ओळखीचा आहे आणि सरस्वतीबाईंनाही तो ओळखीचा असणार.

रोल धुऊन आला की सहा-सहा चित्रांच्या पट्ट्या कापून घ्या, कागदाच्या पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत कोंबू नका. भारतातले मूकपट बहुतेक सगळे गेले. काही सडले, काही चांदी काढण्यासाठी वितळवले, काही जळाले. पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीतही जुन्या नायट्रेट फिल्मची रिळं गेली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आयुष्यभर गावोगाव फिरून उरलेलं गोळा करत राहिले. तुमच्या दीड सेकंदासाठी कुणी नायर येणार नाहीत, तेव्हा पाकिटावर शिसपेन्सिलीनं लिहून ठेवा: गाव, वावराचं नाव, बियाण्याची जात, पेरणीची तारीख, पहिल्या वेचणीची तारीख, आणि वेचणाऱ्या बायांची नावं.